शुक्रवारची बादली

आमच्या तळघरात उतरायचं तर आधी वर चढावं लागायचं. रस्त्यावरून पायऱ्या चढून ओट्यावर यायचं, ओटा ओलांडायचा आणि मग जिना खाली. पनवेलात असला जिना दुसऱ्या कुठल्याच इमारतीला नव्हता. मी जागा बघायला गेले तेव्हा माझ्याबरोबर हिरा होती. ती ओवे गावची, माझ्याकडे रंगकामाला यायची. ओट्यावर उभी राहून म्हणाली, "बाय, ह्यो मालक येडा हाय. जायाचं खाली नि चढवतोय वर."

मालक मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण रागावले नाहीत.

"पाण्यालाही असंच वाटायला पाहिजे," ते म्हणाले. "कंटाळून परत गेलं पाहिजे."

ही त्यांची-माझी ओळख. पुढे अनेक वर्षं मी त्यांची भाडेकरू होते. चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही, कारण चांगली माणसं लोकांना इतका त्रास देत नाहीत. पण असा मालक मला पुन्हा मिळाला नाही.

ते उंच, वाळके, घरात खाकी अर्ध्या चड्डीत असायचे. मुंबईला गोदीत बोटींच्या इंजिनांवर नोकरी करून निवृत्त झाले आणि पनवेलला येऊन वडिलांच्या कौलारू घराच्या जागी इमारत बांधली. तळघर कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. खाडी जवळ, नदी जवळ, हातभर खणलं की पाणी. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी आयुष्यभर पाण्याखाली काम केलं. बोट बुडत नाही ती काय पाणी नसतं म्हणून?"

कुणी भेटलं की लोक तब्येत विचारतात, हे विचारायचे, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" म्हणजे नळाचं नव्हे, नको असलेलं. कुणाच्या सत्यनारायणाला गेले तर प्रसाद घ्यायच्या आधी मोरीचं भोक बघून यायचे. गल्लीत एक म्हातारे वारले, तिथे भेटायला गेले आणि रडणाऱ्या मुलाला म्हणाले, "वाईट झालं. पण ह्या भिंतीची ओल वर चढतेय, तेरावा झाला की बघून घे." मालकीणबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा गप्प बसले. घरी येताना मात्र पुन्हा वळून भिंतीकडे बघत होते.

आमचा धंदा गणपतीचा. पेणहून कच्च्या मूर्ती ट्रकमधून पेंढ्यात बसून यायच्या. रंग आणि डोळ्यांची आखणी आम्ही पनवेलला करायचो. मी चौथीपर्यंत शिकले, पण डोळा काढायला शाळा लागत नाही, हात लागतो. नवरा होता, कामाला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्याही घरी थोडंफार तसंच. म्हणजे त्या मूर्तींवर आम्हा सगळ्यांच्या चुली होत्या. आणि शाडूची मूर्ती पाण्यापुढे टिकत नाही. खालून ओल लागली की आधी पाट मऊ होतो, मग पाय, मग मूर्ती बसल्या जागी आणखी बसते. विसर्जनाला लोक हे बघून हात जोडतात. तेच महिनाभर आधी झालं तर आम्ही संपलो.

मालक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू होते. पनवेलला ही मंडळी जुनी. मराठीच बोलणारी, खवल्यांचा मासा आणि भात खाणारी. त्यांच्या धर्मात मूर्ती नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जागा घेण्याआधीच विचारलं, "मालक, तुमच्या घराखाली गणपती चालतील का? नंतर कुरकुर नको."

त्यांनी थोडा विचार केला. "बाई, तुम्ही माझ्याकडे माती आणता. देव लोक आपापल्या घरी नेऊन करतात, तुमचे भटजीच तसं सांगतात. मी मूर्तीला हात लावणार नाही. आणि पाण्यालाही लावू देणार नाही."

हा करार. कागद त्यानंतर झाला.

तळघराच्या एका कोपऱ्यात जमीन जरा उतरती करून त्यांनी खड्डा केला होता. पावसाळ्यात जमिनीतून, भिंतींतून जे पाणी पाझरायचं ते तिथे जमायचं. खड्ड्यात विजेचा पंप, त्याला तारेने बांधलेला पाण्यावर तरंगणारा फुगा. पाणी वाढलं की फुगा वर उचलला जायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. पाणी उतरलं की बंद. बटण दाबायला कुणी नको.

हे एवढं सगळं आपोआप कशाला, तर शनिवारसाठी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांच्या धर्मात काम नाही. आमचे मालक त्यात कडक. विस्तव नाही, विजेचं बटण नाही, दुसऱ्याला "हे कर" असं सांगायचंही नाही. पाणी मात्र शनिवार पाळत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून पाण्याची सगळी सोय शुक्रवारीच झाली पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळी वरून मालकीणबाई हाक द्यायच्या, "अहो, मी दिवा लावायला घेते." तो दिवा लागला की त्यांचा शनिवार सुरू, म्हणून तोच इशारा. मालक बादली घेऊन जिना उतरायचे. खड्ड्यात पाणी ओतायचे. एक बादली, दुसरी, फुगा हलेपर्यंत. पंप घुर्रकन सुरू झाला की कान लावून ऐकायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसे ते पाइपाला कान लावायचे. "आज आवाज जाड आहे," म्हणायचे आणि खड्ड्यात हात घालून तळातला गाळ उपसायचे. मग मेन स्विच पाडून पुन्हा बादल्या ओतायच्या. कारण दुसरा एक छोटा पंप होता, जुन्या लाँचवरून काढलेला, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी त्यांनी पळस्प्याच्या गॅरेजवाल्याकडून आणली होती. त्याचा फुगा पहिल्यापेक्षा वर, खड्ड्याच्या तोंडाशी टांगलेला. वीज गेली, मोठा पंप थांबला, पाणी आणखी चढलं, की हा उठायचा.

हे उन्हाळ्यातही. मे महिन्यात नळाला पाणी नसताना हा माणूस खड्ड्यात बादल्या ओतायचा. माझ्या बायका चिडायच्या. मीही एकदा बोलले, "मालक, प्यायला नाही आणि तुम्ही पंपाला पाजताय."

"पंप कामाने मरत नाही, आरामाने मरतो," ते म्हणाले. "आठ महिने बसून राहिला की गंजतो, आखडतो. आणि मग ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी नुसता गुणगुणतो. पाजू दे मला."

पहिल्याच वर्षी त्यांची आणि आमच्या धंद्याची गाठ पडली. मूर्तींबरोबर पेंढा येतो हे सांगितलंच. झाडलोट करताना तो कोपऱ्याकडे जातो, आणि कोपऱ्यात खड्डा. एका शनिवारी पाऊस होता. आम्ही खाली रंगवत बसलो होतो. मालक पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून जिन्यात येऊन उभे राहिले. खड्डा भरत आला होता आणि पंप गप्प होता. आम्हाला कळलं नव्हतं, त्यांना वरून, पंपाचा आवाज आला नाही म्हणून कळलं.

आता सांगायचं तर नाही. हात लावायचा नाही. मग ते हवेशी बोलल्यासारखे म्हणाले, "आज हवा दमट आहे."

मी म्हटलं, "पावसाळा आहे मालक."

"काही लोकांना पाय ओले करून बसायला आवडतं."

हिरा हसली. "म्हातारा आज कविता करतोय."

"पेंढा," ते छताकडे बघत म्हणाले, "गाईला चांगला. फुग्याला नाही. हे मी कुणाला सांगत नाहीये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खड्ड्यात बघितलं तर फुग्याची तार पेंढ्यात गुंतून फुगा बाजूला अडकलेला. हिराने हात घालून ओढला आणि पंप सुरू झाला. मालक न बोलता वर गेले. रविवारी सकाळी लोखंडी जाळीचं झाकण घेऊन आले, आणि काल तोंडात धरून ठेवलेलं सगळं आम्हाला ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेजारी नवी इमारत उठली तेव्हा तिच्या तळघरात एका शेठने साड्यांचं दुकान काढलं. आरसे, ट्यूबलाइट, खाली पांढऱ्या गाद्या. जिना रस्त्यावरून सरळ खाली, गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून. पंप त्यांनीही घेतला, आमच्यापेक्षा मोठा. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खड्ड्यावर ठेवलेला असायचा आणि त्याचा पाइप बाहेरच्या गटारात सोडलेला. शेठ हसरा माणूस. शुक्रवारी मालक बादली घेऊन निघाले की हाक मारायचे, "काय मालक, पंपाची आंघोळ झाली का? साबण पाठवू?"

मालक विचारायचे, "तू तुझा चालवून बघितलास का?"

"पावसात चालवू की. त्यासाठीच घेतलाय."

"आणि पाणी गटारात सोडणार. भरतीला गटार भरलं की ते कुठे जाणार?"

"गटाराचं गटार बघेल, मालक."

आमचा पाइप गटारात नव्हता. मालकांनी तो भिंतीवरून डोक्याच्याही वर नेला होता आणि तिथून वाकवून रस्त्याच्या उताराकडे सोडला होता. उंटाच्या मानेसारखा दिसायचा. आत उलट पाणी अडवायची झडप होती, एकदा बाहेर गेलेलं पाणी परत खाली उतरू नये म्हणून. पण गल्लीला दिसायची ती फक्त मान. शेठने नगरपालिकेत तक्रार केली की इमारतीची शोभा जाते. माणूस येऊन बघून गेला. मालकांनी त्याला ओट्यावर बसवून सरबत दिलं आणि त्याच्या घरी पाणी कुठून येतं ते विचारलं. तो पुन्हा आला नाही.

आता तो दिवस.

आषाढातली अमावस्या जवळ आली होती आणि शनिवार होता. गणपतीच्या तोंडावरची घाई म्हणून आम्ही सगळ्या कामावर होतो. रॅक भरले होते आणि उरलेल्या मूर्ती जमिनीवर फळ्यांवर मांडल्या होत्या. रंग झालेले, डोळे राहिलेले. पाऊस आदल्या दिवसापासून धरून होता. दुपारी उधाणाची भरती आली. खाडीने नदीला आत घेतलं नाही, नदीने गटाराला घेतलं नाही, आणि गटार रस्त्यावर आलं. ओट्यावरून बघितलं तर गल्ली नव्हतीच, तांबडं पाणी होतं. पण ते आमच्या पायऱ्या चढत होतं, उतरत होतं, ओट्याला टेकून परत जात होतं. हिरा म्हणाली, "बाय, पानी कंटालतंय."

खाली मोठा पंप चालू होता. एकसारखा आवाज होता, आम्ही त्याच्याकडे लक्ष देत नव्हतो. मग वीज गेली आणि तो आवाज थांबला.

अंधारात पहिली गोष्ट ऐकू आली ती म्हणजे पाणी. भिंतीतून झिरपणारं, खड्ड्यात पडणारं. मेणबत्ती लावून मी खड्ड्याशी उभी राहिले. पाणी वर येत होतं. दर शुक्रवारी बघितलं होतं की छोटा पंप उठतो. पण बादलीचं पाणी वेगळं आणि हे वेगळं. ते जाळीपाशी आलं. जमिनीवरच्या मूर्ती तिथून दोन पावलांवर होत्या.

मालक जिन्यात बसले होते. पांढरे कपडे, टोपी, हात मांडीवर.

मी म्हटलं, "मालक, पंप लावा."

"आज शनिवार आहे."

"माझ्या मूर्ती जातील."

"जाणार नाहीत."

"तुमचं काय जातं बोलायला? सगळ्या बायकांचं वर्ष आहे खाली. एक बटण दाबायला काय होतं तुम्हाला?"

त्यांनी फक्त कोपऱ्याकडे कान केला. मी त्यांना जे बोलले ते मालकाला कुणी बोलत नाही. हिराने पहिली मूर्ती उचलून कवटाळली होती. पाणी जाळीच्या वर आलं, जमिनीवर पातळ पसरलं. आणि कोपऱ्यात काहीतरी खाकरलं. मग बारीक, चिरका आवाज सुरू झाला, लाँच लांबून येते तसा. पसरलेलं पाणी थांबलं. मग मागे सरकलं. मेणबत्ती खाली धरली तर जाळी पुन्हा दिसायला लागली.

हिरा मूर्ती ठेवून तिथेच बसली. "उठला मेला," ती म्हणाली. पंपाला म्हणाली की मालकांना, मी विचारलं नाही.

एवढ्यात बाहेरून शेठच्या नोकराचा ओरडा आला. आम्ही ओट्यावर गेलो. शेठचा सरळ जिना आता धबधबा झाला होता. त्यांचा मोठा पंप वीज असताना सुरू केला तेव्हा नुसता गुणगुणला, मग कुणी काठीने ठोकल्यावर फिरला, पण त्याचं पाणी भरलेल्या गटारात जाऊन तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून जिन्याने परत. वीज गेल्यावर पंप थांबला आणि गटारच त्या पाइपातून उलटं दुकानात यायला लागलं. शेठ स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून साड्यांचे गठ्ठे वर फेकत होते.

मालक जिन्यातून उठून ओट्यावर आले. पांढऱ्या पँटसह पायऱ्या उतरून त्या तांबड्या पाण्यात शिरले. वयाच्या मानाने फार भराभर गेले. शेठच्या दुकानाच्या तोंडाशी, जिन्याच्या वरच्या अंगाला मेन स्विच होता, भिंतीवर उंच, तिथे अजून कोरडं होतं. मालक जिन्याशेजारच्या कट्ट्यावर चढले, टोपीने हात पुसला आणि मेन स्विच खाली ओढला. मग खाली वाकून म्हणाले, "वर ये."

"मालक, माल आहे माझा."

"वर ये गाढवा. वीज आली असती तर तू पाण्यात आणि तारा पाण्यात."

शेठ दोन गठ्ठे घेऊन वर आले आणि मालकांच्या पायाशी बसले. समोरच्या चहावाल्याकडे दिवे लागले तेव्हा शेठ अजून तिथेच बसलेले होते. गल्लीत वीज परत आली होती. फक्त शेठच्या दुकानात अंधार. शेठने त्या दिव्यांकडे बघितलं, स्विचकडे बघितलं. हसरा माणूस, पण त्या वेळी हसले नाहीत.

आमच्याकडे मोठा पंप पुन्हा गरजला. आणि भिंतीवरच्या उंटाच्या मानेतून पाण्याचा जाड झोत गल्लीच्या डोक्यावरून उताराकडे पडायला लागला. सगळे गुडघाभर पाण्यात उभे, तळघरवाले सगळे बुडालेले, आणि त्यांच्या डोक्यावरून एकट्या आमच्या तळघरातलं पाणी बाहेर चाललेलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी वाजवली. माझ्या बायका ओट्यावर उभ्या राहून अशा मिरवत होत्या की जणू पाइप त्यांनीच वाकवला.

मालक परतले तेव्हा मी पायरीवर उभी होते. मूर्ती वाचल्याचा आनंद होता, पण राग गेला नव्हता. मी स्पष्ट विचारलं, "माझ्या गणपतींसाठी बटणाला हात लावला नाहीत. त्या शेठसाठी लावलात, जो तुमच्या पंपाला साबण पाठवत होता. हा कसला शनिवार?"

ते गळत्या पँटसह पायरीवर टेकले. "जिवासाठी हात लावायला परवानगी आहे. मालासाठी नाही."

"माझा मालच का?"

"बाई, तुमच्यासाठी मला आज हात लावायची गरजच नव्हती," ते म्हणाले. "तुमचं काम मी काल केलं."

  मी खाली गेले आणि डोळे काढायला बसले.  त्या वर्षी एकही मूर्ती खराब झाली नाही. वाचलेले गणपती म्हणून लोक मुद्दाम आमच्याकडून घेऊन गेले. ज्यांना मागच्या वर्षी मी काढलेला डोळा तिरपा वाटला होता तेही आले.

पुढच्या शुक्रवारी मालकीणबाईंनी दिव्याची हाक दिली आणि मालक बादली घेऊन निघाले, तर ओट्याखाली शेठ स्वतःची बादली घेऊन उभे. म्हणाले, "किती ओतायच्या?"

"फुगा उठेपर्यंत."

"आणि नाही उठला तर?"

"तर आनंद मान. आज कळलं."

शेठने जिन्याच्या तोंडाशी ओटा बांधला, पाइप वर नेला. मान आमच्यापेक्षा उंच केली, स्वभाव. मग पलीकडच्या औषधवाल्याने केलं, मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या खानसाहेबांनी. मालक प्रत्येकाच्या खड्ड्यात डोकं घालून यायचे आणि प्रत्येकाला नावं ठेवायचे. खड्डा लहान आहे, पंप सारखा चालू-बंद होऊन मरेल. फुगा भिंतीला घासतोय. बॅटरीत पाणी कुणी घालायचं, मी? लोक ऐकून घ्यायचे. त्यानंतरही गल्लीत पाणी भरलं, बरेचदा भरलं. तळघरं कोरडी राहिली.

काही वर्षांनी मालक आणि मालकीणबाई मुलाकडे इस्रायलला गेले. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी बादली मला दिली. मी म्हटलं, "तिकडे पाऊस कमी असतो म्हणे. काय करणार तुम्ही?"

"कुणाच्या तरी घरात पाणी शिरतच असेल," ते म्हणाले. त्यांना त्याची आशा वाटत होती.

धंदा आता सून बघते. मी ओट्यावर बसते. शुक्रवारी दिवेलागणीला गल्लीतले पंप एकामागून एक घुर्र करतात, आधी आमचा, मग शेठच्या मुलाचा, मग औषधवाल्याचा, शेवटी बेकरी. पाइपांच्या माना पाणी टाकतात. बेकरीच्या तळघरात परवा नवा भाडेकरू आला, शिकलेला मुलगा, संगणक दुरुस्त करतो. त्याला बादली दिली तर म्हणाला, "आजी, शुक्रवारीच का? रविवारी सुट्टी असते, तेव्हा करतो ना."

मी म्हटलं, "सांगते. आधी ओत."